वेस बांधल्यानंतर

१

पिंपरवेढ्याची पिठाची गिरणी बंद पडली, तेव्हा सुमेधाला प्रथम बरेच वाटले. गिरणी त्यांच्या घराला लागूनच होती. तिच्या धडधडीने ओसरीवरची तसबीर दिवसभर थरथरत असे, आणि शाळेतून आलेले नाना हातातले पुस्तक मिटून म्हणत, "या यंत्राला दोन वाक्यांमधली विश्रांती ठाऊक नाही."

आता ती विश्रांती मिळाली होती. वेस बांधल्यामुळे गावात डिझेल येणे थांबले होते.

त्या दुष्काळी उन्हाळ्यात नदीकाठच्या गावांतून पटकीच्या साथीच्या वार्ता येऊ लागल्या होत्या. आबासाहेब पाटलांनी चावडीपुढे गाव जमवले आणि पूर्वजांच्या काळी बांधली होती तशी वेस बांधायचे ठरले. गावकुसाला कच्च्या सुताचे वेढे पडले. दोन्ही वेशींचे दरवाजे लोटून त्यांच्या फटी शेणमातीने लिंपल्या गेल्या. साथ ओसरेपर्यंत आतल्याने बाहेर जायचे नाही आणि बाहेरच्याने आत यायचे नाही. शेजारच्या गावांनीही आपल्या शिवेवर राखणदार बसवले. पिंपरवेढ्याचा माणूस दिसला, तर त्याला दगड मारून परत धाडायचे, असा त्यांचा निरोप होता.

नाना, म्हणजे सुमेधाचे वडील हेमचंद्र गुरुजी, गावच्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांना सूत पटले नव्हते; दरवाजे पटले होते. "याला विलगीकरण म्हणावे," ते म्हणाले. "सुताने माणसे अडतात आणि माणसे अडली, की रोग अडतो. कारण चुकीचे, कार्य बरोबर."

बांधलेल्या गावाचा एक नेम होता. पहाटे प्रत्येक घराने मूठभर ज्वारी जात्यावर दळायची आणि ते पीठ वेशीपाशी पोचवायचे. साऱ्या गावाच्या पिठाची एकाच हंड्यात आंबील शिजायची, मरीआईला दाखवली जायची आणि मग घरोघर वाटली जायची. माणशी एक वाटी. कुणालाही वगळायचे नाही.

माळ्यांवरची जाती खाली उतरली. पहिल्या पहाटे सुमेधा अंथरुणात पडून ऐकत राहिली. आईचे जाते कुरकुरत होते. भिंतीपलीकडे मनकर्णाबाईंचे जाते म्हाताऱ्या बैलासारखे धापा टाकीत फिरत होते. कुणी ओवी गात होते, कुणाची ओवी मध्येच तुटून हसण्यात विरत होती.

"अवं विजयाताई," मनकर्णाबाई भिंतीवरून ओरडल्या, "तुमचं जातं दळतंय का रडतंय?"

"दोन्ही करतंय!" आई म्हणाली. "टाकी लावून धार करायची राहिली आहे त्याची."

"मग आमच्या मालकाला बोलवा. त्यांच्या जिभंला लई धार हाय."

नरसू, सुमेधाचा धाकटा भाऊ, पांघरुणातच खुदकन हसला. त्याचे नाव नृसिंह. पण नऊ वर्षांच्या त्या काटकुळ्या देहाला ते पेलत नसे, म्हणून नानांवाचून कुणी त्या नावाने हाक मारीत नसे. त्या पहाटे त्याच्या अंगात बारीक ताप होता. पोटात काही ठरत नव्हते, म्हणून त्याची आंबिलीची वाटी आईने सुमेधाला प्यायला दिली.

२

काही दिवसांनी एका पहाटे सुमेधाला जाग आली, ती आवाज थांबल्यामुळे.

गावात एकही जाते फिरत नव्हते. तिने कानोसा घेतला. मग एका क्षणी सारी जाती सुरू झाली. आईचे, मनकर्णाबाईंचे, समोरच्या आळीतले, पार पलीकडच्या वेशीजवळचे. त्यांच्यात मागेपुढे असे काही उरले नव्हते. एकच घरघर होती आणि ती घराच्या भिंतींतून, जमिनीतून, उशीतून येत होती.

सुमेधा नानांची मुलगी होती. तिला कारणे शोधायची सवय होती. एका जुवाला जुंपलेले बैल आपोआप पावलाला पाऊल जुळवतात. बायका एकमेकींचे जाते ऐकतात आणि नकळत एका ठेक्यावर येतात. पण पाटलांचा वाडा तीन आळ्या पलीकडे होता. तिथले जाते आईला कसे ऐकू यावे? आणि ओव्या का थांबल्या होत्या?

ती उठून स्वयंपाकघरात गेली. आई एक पाय लांब करून जात्याशी बसली होती. शेजारच्या सुपात ज्वारी जशीच्या तशी होती. जात्याच्या तोंडात एक दाणाही नव्हता. दगडावर दगड फिरत होता आणि आई समोरच्या भिंतीकडे पाहत होती.

"आई, धान्य घालायचं राहिलं."

आईने मान हलवली नाही.

"आई, दगड झिजेल ना." सुमेधाने पुढे होऊन खुंट्यावरच्या आईच्या हातावर हात दाबला. जाते थांबले.

त्याच क्षणी सारे गाव थांबले.

सुमेधाला स्वतःचा श्वास ऐकू आला. भिंतीपलीकडे काही हलले नाही. समोरच्या आळीत काही हलले नाही. त्या शांततेला एक वजन होते. गावातल्या प्रत्येक घरातली प्रत्येक बाई हात खुंट्यावर ठेवून तिची वाट पाहत होती, हे तिला तर्काने कळले नाही. हाताखालच्या आईच्या हातावरून कळले. तो ताणलेला नव्हता, उचललेलाही नव्हता, नुसता थांबलेला होता.

तिने हात काढून घेतला.

सारी जाती एकदम फिरू लागली.

३

तिला आंबिलीचा संशय का आला, हे तिला नीट सांगता आले नसते. कारण एवढेच, की नरसू अजून नरसू होता. तापामुळे त्याने पहिल्यापासून आंबील घेतली नव्हती. तो अजून भलत्या वेळी हसत होता, पायरीवरून दोन पायांनी उडी मारत होता, आणि जेवताना विचारत होता की, मुंगीला ऊन लागते का. बाकी गावातली मुले ओसऱ्यांवर रांगेने बसून होती.

नरसूचा ताप उतरला आणि त्याची वाटी त्याच्याचपुढे ठेवली जाऊ लागली. वाटी रिकामी होईपर्यंत आई समोर बसून राही. ती पाहत असे, असे म्हणता येणार नाही. तिचे तोंड त्यांच्या दिशेला असे, इतकेच. ती उष्ट्या वाट्यांसाठी पाणी आणायला उठे, तेवढा अवकाश सुमेधाला मिळे. तेवढ्यात नरसूची वाटी रिकामी व्हायला हवी होती.

ती आंबील मोरीत ओतून देता आली असती. पण तो प्रसाद होता. प्रसाद सांडू नये, पायदळी येऊ देऊ नये, उकिरड्यावर तर मुळीच टाकू नये, हे तिच्या अंगी इतके भिनलेले होते, की तो टाकण्याचा विचारही तिच्या मनात आला नाही. ती नरसूची वाटी उचले आणि स्वतः पिऊन टाके. मग परसात नेऊन त्याच्या ओंजळीत फुटाणे आणि गुळाचा खडा ठेवी.

"ताई, तुला कशी गं आवडते ती आंबट घाण?"

"घाण म्हणू नये. प्रसाद आहे."

"मग मला का देत नाहीस?"

"तुझं पोट नाजूक आहे. राजाबिजा आहेस ना तू."

"राजाला फुटाणे देतात होय!"

त्याच्या या उत्तराने तिला रडू येईल असे वाटले, इतके ते त्याचे स्वतःचे होते.

रात्री मात्र ती मनाशी वाद घाली. आंबिलीत काही असते, तर ते तिलाही झाले असते. तिने पहिल्या दिवसापासून ती घेतली होती, आणि आता तर दुप्पट घेत होती. तरी तिचे विचार तिचेच होते, तिची भीती तिचीच होती. तेव्हा आंबिलीचा संबंध नसावा. आणि नसला, तरी नरसूला ती द्यायची नाही. या दोन वाक्यांचा मेळ बसत नव्हता, आणि तो बसवण्याचे तिने सोडून दिले होते.

४

नाना अखेरपर्यंत शिकवीत राहिले. शाळा बंद झाल्यावर ते दुपारच्या जेवणाआधी नरसूला ओसरीवर घेऊन बसत. शुद्ध बोलण्याविषयी त्यांचा कटाक्ष फार. अंगणात कुणी 'न्हाई' म्हटले, तरी आत त्यांच्या कपाळाला आठी पडे.

त्या दिवशी नरसू पाटीवर एक गणित घेऊन अडला होता. सुमेधा दारात गहू निवडत होती.

"मला नाय येत," नरसू वैतागून म्हणाला आणि दुरुस्तीची वाट पाहत वर बघू लागला.

नाना हसले. "न्हाई येत तर ऱ्हाऊ दे की लेकरा," ते म्हणाले. "बस हितं सावलीला. लई ऊन हाय."

शब्द त्यांचे नव्हते. हेलही त्यांचा नव्हता. म्हाताऱ्या बाईसारखा ओढून बोललेला तो हेल सुमेधाने जन्मापासून भिंतीपलीकडून ऐकला होता.

मग भिंतीपलीकडून मनकर्णाबाईंचा घोगरा आवाज आला. संथ, प्रत्येक अक्षर सुटे करून.

"नृसिंह, 'नाय' नव्हे. 'नाही'. पुन्हा म्हण."

नरसूच्या हातातली पेन्सिल पडली. त्याने एकदा भिंतीकडे पाहिले, एकदा नानांकडे, आणि मग सुमेधाकडे. सुमेधाने ओठांवर बोट ठेवले. नाना अजून हसत होते. त्यांच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होते, आणि ते त्यांना कळत होते की नाही, हे तिला कधीच ठरवता आले नाही.

थोड्या वेळाने आबासाहेब पाटील अंगणात आले. ते पायरी चढले नाहीत. उन्हात डोक्याला काही न गुंडाळता उभे राहिले आणि नानांशी बोलावे तसे बोलले. पण त्यांचे तोंड नरसूकडे होते.

"गुरुजी, उद्या सकाळच्याला लेकरांची पंगत हाय वेशीपाशी. आमी सोता वाढनार हाय."

"कशाला, काका?" सुमेधाने विचारले. "घरोघर येतेच की आंबील."

"येती. पर ह्ये एकच ऱ्हायलंय." त्यांनी नरसूकडे बोट केले. "ह्यानं एकदाबी घेतली न्हाई. त्याची वाटी दुसरंच कुनी पितंय."

आबासाहेब निघून गेले. सुमेधा सुपातल्या गव्हाकडे पाहत राहिली. आई पाणी आणायला गेल्याशिवाय तिने वाटी कधी उचलली नव्हती. परसाचे दार ती लोटून घेत असे. नरसू अंगणाबाहेर गेला नव्हता. ही गोष्ट तिच्यावाचून आणि नरसूवाचून कुणालाही ठाऊक नव्हती.

५

पहाटेची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. पहाटे सारे गाव जागे असे. रात्री लोक झोपतात की नाही, याची तिला खात्री उरली नव्हती. भर दुपारी मात्र ते पडलेले तिने पाहिले होते. दुसऱ्या दिवसाच्या पंगतीआधी ती एकच दुपार हातात होती, आणि ती सरत चालली होती.

शेजारच्या सोनईला आत्या होती, पुष्पावती आत्या. ती आपल्या भाच्यांना दगड मारणार नाही. रस्त्याने गेले तर राखणदार अडवतील. पण गावामागच्या माळावरून, ओढ्याच्या कोरड्या पात्राने, बाभळीच्या रानातून गेले तर सोनई गाठता येईल.

तिने तांब्यात पाणी घेतले, नरसूच्या खिशात फुटाणे भरले आणि त्याच्या कानात सांगितले, "काहीही झालं तरी बोलायचं नाही."

आळीतली सगळी दारे सताड उघडी होती. प्रत्येक ओसरीवर, प्रत्येक पडवीत माणसे आडवी होती. सारी डाव्या कुशीवर. साऱ्यांचा उजवा हात पुढे आलेला. मनकर्णाबाई उंबऱ्याशीच निजल्या होत्या; त्यांचा हात जमिनीवर वर्तुळात फिरत होता, आणि तिथली माती खरवडून एक गोल उमटला होता. पलीकडच्या ओसरीवरही तसाच गोल होता. त्याच्या पलीकडेही.

ती दोघे आळीच्या मध्यावर आली आणि गावाने कूस बदलली.

त्याला दुसरा शब्द नव्हता. वाकळींची एकच सरसर, बांगड्यांची एकच किणकिण आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि थांबली. नरसूने तिच्या परकरात तोंड खुपसले. आता सारी तोंडे आळीकडे वळली होती. डोळे मिटलेले होते. सुमेधाने त्याचा दंड धरला आणि त्या तोंडांच्या दोन रांगांमधून त्याला पुढे नेले.

गावकुसाखालून तळ्याचे पाणी बाहेर जायची एक मोरी होती. तळे आटल्यापासून ती कोरडी पडली होती. तिचे गज गंजले होते. दोन गजांमधून नरसू सहज गेला. सुमेधाचा खांदा अडकला. तिने जोर केला, पोलक्याची बाही फाटली, कातडी सोलली. ती बाहेर पडली तेव्हा कच्च्या सुताचे वेढे तुटून तिच्या केसांत गुंतले होते.

मागून कुणी ओरडले नाही. तिला वाटले होते, कुणीतरी ओरडेल.

६

माळ उन्हाने पांढरा पडला होता. तरवडाच्या झुडपांवर पाने नव्हती. दूर गर्भगिरीचे डोंगर तापलेल्या हवेत हलत होते. ओढ्याच्या पात्रात उतरल्यावर बाभळींची विरळ सावली लागली, आणि कुठेतरी होला घुमू लागला. एकटाच, त्याला वाटेल तेव्हा. तो आवाज ऐकायला सुमेधा क्षणभर थांबली.

"ताई, आता बोलू?"

"बोल."

"रानात लांडगा असतो ना?"

"असेल."

"आला तर?"

"त्याला सांग, आमच्याकडे फुटाणेच आहेत."

"आणि त्याला फुटाणे आवडत असले तर?"

ती हसली. किती दिवसांनी हसली, हे तिला आठवेना. नरसू पुढे पळाला, मागे आला, एक वाळलेली शेंग उचलून कानाशी खुळखुळवून पाहू लागला. त्याच्या चालण्यात काही धरबंध नव्हता, आणि ते पाहताना तिला वाटले, की आता आपण वाचलो.

"काय म्हणालीस?" नरसूने विचारले.

"काही नाही."

"म्हणालीस. आत्ता."

"मी कशाला बोलू? उन्हानं तुझे कान वाजताहेत."

ती चालत राहिली. थोड्या अंतराने नरसू पुन्हा थांबला. तो तिच्या तोंडाकडे पाहत होता.

"ताई, तू तसं का बोलतेस?"

"कसं?"

"आबासाहेबांसारखं." त्याचा आवाज बारीक झाला. "तू म्हणालीस, 'वड्याच्या उजव्या काठानं. दोगंबी हायेत.'"

ओढ्याच्या उजव्या काठाने ती दोघे चालली होती, हे खरे होते. ते तिने क्षणापूर्वी मनात नोंदवले होते, माणूस चालताना नोंदवतो तसे. मोठ्याने? कदाचित. दमलेला माणूस बडबडतो. पण तो हेल?

"खेळतोयस का माझ्याशी?"

"नाही गं ताई. आईशप्पथ."

ती काठावर चढली आणि मागे वळून पाहिले.

गाव दूर, मातकट, माळावर बसलेले दिसत होते. शेणमातीने लिंपलेली वेस उघडी होती. तिथून एक काळी रेघ निघाली होती आणि ती माळावरून येत होती. माणसे होती. ती पळत नव्हती. इतकी माणसे चालताना जी धूळ उठायला हवी, ती ढगासारखी वर राहत नव्हती. एकदम उठत होती, बसत होती, एकदम उठत होती, बसत होती.

रेघ ओढ्यापाशी आली. तिथे पात्राला दोन वाटा फुटत होत्या. क्षणभरही न थांबता ती उजव्या काठाला वळली.

७

सुमेधाने स्वतःला एका बाभळीखाली बसवले. भीती इतकी होती, की तिच्यात विचाराला एक कोरडी जागा सापडली; नानांनी शिकवलेली तीच जागा.

तिने डोळे मिटले. काही वेळ कुठलाही विचार येऊ दिला नाही. मिटल्या डोळ्यांआडच्या लाल उजेडाकडे पाहत राहिली. मग डोळे उघडून माळाकडे पाहिले. रेघ थांबली होती.

तिने समोरच्या टेकाडाकडे पाहिले. त्याच्यावर एक वाळलेले निंबाचे झाड होते. ते झाड तिने मनात ठेवले: झाड, टेकाड, झाड.

रेघ टेकाडाकडे वळली.

पुन्हा करून पाहण्याची गरज नव्हती.

"नरसू, इकडे ये. जवळ नको. तिथंच उभा राहा."

"ताई, ते येताहेत. चल ना."

"तू जायचं आहेस. मी नाही."

"मी एकटा नाही जाणार."

"ऐक. मी जे पाहते, ते त्यांना दिसतं. का, ते मला विचारू नकोस. तू माझ्याजवळ असलास, की तू कुठं आहेस ते मला कळतं, आणि मला कळलं की त्यांना कळतं."

नरसूने हातातली शेंग टाकून दिली. "पण तू तर त्यांच्यासारखी नाहीस. तू हसलीस मघाशी."

तिने त्याच्यावरची नजर काढून घेतली.

"सोनईला जाऊ नकोस," ती म्हणाली. "सोनई मला ठाऊक आहे."

"मग कुठं जाऊ?"

"ते तू ठरवायचंस. मला सांगायचं नाहीस. मोठ्यानं स्वतःलाही सांगायचं नाहीस. मी डोळे मिटले की जायचं, आणि मागं बघायचं नाही. वाटेत कुठंतरी वळ. कुठं, ते मला कळता कामा नये."

"आणि कुणी विचारलं, कुठला तू, तर?"

"पिंपरवेढ्याचा म्हणू नकोस. खोटं सांग."

"नाना म्हणतात, खोटं बोलू नये."

"आज मी सांगते, बोल. हवं तेवढं बोल." तिने तांब्या जमिनीवर ठेवला आणि मागे सरकली. "हा घे. एकदम पिऊन टाकू नकोस."

त्याने तांब्या उचलला. तो तिच्याकडे येऊ लागला, तशी ती ओरडली, आणि तो जागच्या जागी थांबला. तिला त्याला जवळ घ्यायचे होते. त्याच्या डोक्याचा उन्हात तापलेला वास तिला एकदा हवा होता. त्याऐवजी तिने गुडघे वर घेतले, परकरात तोंड खुपसले, अंगठ्यांनी कान घट्ट दाबले आणि मोठमोठ्याने पावकीचा पाढा म्हणायला सुरुवात केली.

पावकी संपली, निमकी झाली, पाऊणकी झाली. त्याच्या पावलांचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून ती घसा फुटेपर्यंत म्हणत राहिली. एकदा कुठेतरी दगड घरंगळल्याचा भास झाला. डावीकडे की उजवीकडे, हे कळण्याच्या आत तिने पुढचा आकडा त्यावर आपटला. नरसू कुठे असेल, असा प्रश्न मनात आला, की ती आकडा चुके, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणे. जमीन खालून हादरू लागली होती. एक ठोका. एक ठोका. तो तिच्या दातांत जाणवत होता.

मग ठोका थांबला.

तिच्यावर सावली पडली. बाभळीच्या सावलीपेक्षा दाट.

तिने तोंड वर केले नाही. परकराच्या कडेखालून तिला पाय दिसले. आईची जोडवी दिसली. नानांच्या वहाणा दिसल्या. डाव्या वहाणेचा अंगठा तुटला होता, आणि पायातून रक्त येत होते. त्यांच्या मागे पाय, पायांच्या मागे पाय. सारे स्थिर.

कुणी काही विचारले नाही. तरी प्रश्न आला. तहान लागते तसा तो आतून आला. घशात, छातीत, डोळ्यांमागे. *पोरगं कुठं हाय?*

तिला थांबवता आले नाही. तिच्या मनातले दार कुणीतरी लोटले, आणि ते सगळे आत आले, आणि तिच्याबरोबर शोधू लागले. ओढ्याचे पात्र, टेकाड, सोनईची वाट, आत्याचे अंगण. तिने जे जे पाहिले होते, ते ते त्यांनी उलटून पाहिले. नरसू कुठेच नव्हता. बाभळीपुढे तो तांब्या घेऊन उभा होता, आणि त्यानंतर त्याच्या जागी नुसता लाल उजेड आणि आकडे होते.

"ठाऊक नाही," सुमेधा म्हणाली.

"ठाऊक नाही," आई म्हणाली.

"ठाऊक नाही," नाना म्हणाले, आणि मनकर्णाबाई, आणि जन्मात ज्यांच्या तोंडून असे अक्षर सुटे करून कधी निघाले नव्हते, ते आबासाहेब पाटील. एकामागून एक तो शब्द मागे सरकत गेला. पायांच्या रांगेतून, ओढ्याच्या पात्रातून, माळावरून, उघड्या वेशीतून आत. सगळ्यांच्या तोंडून तो तिच्याच आवाजात येत होता.

ती ऐकत राहिली. त्या आवाजांत नरसूचा नव्हता.

मग साऱ्यांचा श्वास एकदम आत ओढला गेला, आणि तिचाही.